शेततळ्यातील माशांना समुद्रशेवाळाचे पूरक खाद्य

तापी नदी जळगाव-धुळ्याच्या शिवारातून वाहत जाऊन सुरतेजवळ समुद्रास मिळते. परंतु समुद्रातील शेवाळ या भागात येते ते पुड्यांतून व बाटल्यांतूनच. केळीवर व कापसावर फवारावयाचा शेवाळाचा अर्क खानदेशातील शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. 2016 साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून शेततळी झाली आणि काहींनी त्यांत कटला, रोहू व मृगळ सोडले. जे पिकास मानवते ते माशांस का देऊ नये, असा प्रश्न मग साहजिकच निघतो. मत्स्यपालनातील खर्चाचा मोठा वाटा खाद्यावर होत असल्याने त्याचा नीट विचार झाला पाहिजे.

हिरवे, तपकिरी व तांबडे असे समुद्रशेवाळाचे तीन मुख्य वर्ग आहेत. रत्नागिरी व मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर हिरवे उल्वा आणि तपकिरी सरगॅसम आढळते. ताज्या शेवाळात शेकडा 80 ते 90 भाग पाणीच असते. वाळविल्यावर उरणाऱ्या भागात खनिजे विपुल असतात, प्रथिने मात्र बेताची. भुईमुगाच्या पेंडीत प्रथिनांचे प्रमाण शेकडा 40 च्या आसपास असते, तर तपकिरी शेवाळात ते बहुधा 5 ते 15 च असते. म्हणून शेवाळ हे पेंडीच्या जागी देण्याचे खाद्य नव्हे. पेंडीत थोडेसे मिसळल्यास खनिजांची भर पडते आणि तपकिरी शेवाळातील चिकट द्रव्यामुळे खाद्याचे गोळे पाण्यात लवकर विरघळत नाहीत. प्रमाण फार वाढविल्यास मात्र पचनास जड जाऊन माशांची वाढ खुंटते.

एक उदाहरण घेऊ. तळ्यात सातशे मासे असून प्रत्येकाचे सरासरी वजन 200 ग्रॅम असल्यास एकूण वजन 140 किलो भरते. त्याच्या शेकडा 3 प्रमाणे दररोज सुमारे 4 किलो 200 ग्रॅम खाद्य लागते. ते भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा समभाग घेऊन करावे. त्यात शेकडा 5 प्रमाणे शेवाळाची भुकटी मिसळावयाची तर ती अवघी 210 ग्रॅम होते. एवढ्यासाठी दूरवरून वाहतूक करून माल आणणे परवडते काय, याचा हिशेब आधी करावा.

शेवाळ किनाऱ्यावरून आणविल्यास ते गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन मीठ व वाळू काढावी, सावलीत कडक वाळवावे आणि बारीक दळावे. कारखान्यांचे सांडपाणी येणाऱ्या किनाऱ्यावरील शेवाळ घेऊ नये, कारण ते पाण्यातील जड धातू शोषून घेते. फवारणीचा अर्क तर तळ्यात मुळीच ओतू नये. तो पिकासाठी तयार केलेला असतो व त्यात अन्य द्रव्येही मिसळलेली असू शकतात.

खानदेशात सरकीची पेंड सहज मिळते म्हणून तिचाच भरणा करण्याकडे कल होतो. तिच्यात गॉसिपॉल हे अपायकारक द्रव्य असल्याने ती अल्प प्रमाणातच वापरावी. याउलट केळीची पाने बांधावरच मिळतात; तळ्यात ग्रास कार्प असल्यास ती चिरून टाकावीत, मात्र नुकतीच औषध फवारलेली पाने टाळावीत.

प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या तळ्यात तळाचे नैसर्गिक अन्न फारसे तयार होत नाही, म्हणून तेथे पूरक खाद्याचे महत्त्व अधिक. वैशाखात पाणी आटून तापते व पहाटे त्यातील प्राणवायू घटतो. मासे पृष्ठभागी येऊन तोंड उघडू लागले की त्या दिवशी खाद्य बंद ठेवून ताजे पाणी सोडावे.

ग्रामसेवकांनी शेवाळाचा प्रयोग करावयाचा झाल्यास सारख्या आकाराची दोन तळी निवडावीत. दोहोंत सारखेच मत्स्यबीज सोडावे व एकातच भुकटी द्यावी. दरमहा जाळे टाकून वीस-पंचवीस मासे तोलावेत आणि वजनाशेजारी खाद्याचा खर्चही वहीत मांडावा. पाच-सहा महिन्यांच्या नोंदी हाती आल्यावरच इतर शेतकऱ्यांस भुकटी घ्यावी की नाही ते सांगावे.