औषधांची पिशवी

वाचकहो, औषधाने दुखणे बरे होते, हे आपण सारे जाणतो. पण औषधे फार झाली आणि ती एकमेकांशी जुळली नाहीत, तर काय होते? माझ्या घरचीच गोष्ट सांगतो.

आमच्या आत्याबाई ७८ वर्षांच्या आहेत. त्यांना मधुमेह आहे, रक्तदाबही आहे. गेल्या आषाढी एकादशीला त्यांनी सकाळी नेहमीच्या गोळ्या घेतल्या. उपास म्हणून पोटात दुसरे काही नव्हते. दहाच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला. हात थरथरू लागले. तुळशीला पाणी घालता घालता त्या खाली बसल्या आणि कलंडल्या.

त्यांची सून हुशार. सासूबाई शुद्धीवर आहेत, गिळू शकतात, हे तिने आधी पाहिले. मग पाण्यात साखर कालवून पाजली. थोड्या वेळाने त्यांना तरतरी आली. तरी आम्ही त्यांना दवाखान्यात नेले.

डॉक्टर म्हणाले, “यांची रक्तातली साखर फार उतरली होती. घरातली सगळी औषधे घेऊन या.”

मी पिशवी आणली. टेबलावर ओतली. नऊ तऱ्हेच्या गोळ्या निघाल्या! त्यांत दोन पट्ट्या होत्या. एक हिरवी, एक रुपेरी. नावे निराळी. पण खाली बारीक अक्षरांत दोन्हींवर एकच औषध लिहिलेले होते – ग्लिमेपिराइड. ते साखर उतरवते. एक पट्टी तालुक्याच्या डॉक्टरांनी दिलेली. दुसरी पुण्याला मुलाकडे असताना तिथल्या डॉक्टरांनी दिलेली. एकाचे दुसऱ्याला ठाऊक नव्हते. आत्याबाई दोन्ही घेत होत्या. त्यात उपास पडला.

“आत्या, पुण्याच्या डॉक्टरांना आधीच्या गोळ्या दाखवल्या नाहीत का?” मी विचारले.

“अरे, त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दोन्ही चांगल्या म्हणून दोन्ही घेतल्या.”

मला फार वाईट वाटले. मी तीस वर्षे मुलांना वाचायला शिकवले. आत्याबाईंचे विजेचे बिल मीच वाचून दाखवतो. पण ही पिशवी कधी उघडून पाहिली नाही.

पिशवीत आणखीही काही होते. गुडघेदुखीची गोळी दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली. अशा गोळ्यांनी अंगात पाणी साठते, पाय सुजतात, रक्तदाब वाढतो. मूत्रपिंडावर ताण येतो. पोटात रक्तस्रावही होऊ शकतो. आत्याबाईंचे पाय सुजले, म्हणून त्या लघवी होण्याची गोळीही घेत होत्या. म्हणजे एका गोळीने दुखणे आणले आणि त्या दुखण्यावर दुसरी गोळी आली! झोपेची गोळी तर शेजारणीने दिलेली. तिने रात्री उठताना तोल जातो. म्हातारपणी पडून खुब्याचे हाड मोडले, की माणूस अंथरुणाला खिळतो.

हे म्हातारपणीच जास्त का होते? यकृत औषधाचे पचन करते. मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. वय वाढले, की दोन्हींचे काम मंदावते. औषध अंगात जास्त वेळ राहते. तरुणाला सोसणारी मात्रा म्हाताऱ्या माणसाला जड जाते. जितकी औषधे जास्त, तितकी ती एकमेकांना बाधण्याची भीती जास्त. म्हणून २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारा अपाय टाळण्याची जगभर मोहीम सुरू केली.

पण घाबरून सगळ्या गोळ्या उकिरड्यावर टाकू नका! रक्तदाबाच्या, फिटच्या काही गोळ्या एकदम बंद केल्या, तर जिवावर बेतते. काय कमी करायचे, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. आत्याबाईंच्या नऊ गोळ्यांच्या पाच झाल्या, त्या डॉक्टरांनी एकेक तपासून केल्या.

आपण एवढे करावे:

१. डॉक्टरकडे जाताना सगळी औषधे पिशवीत घालून न्यावी. काढा, चूर्ण, मलमही न्यावे.
२. “ही गोळी कशासाठी? किती दिवस घ्यायची?” असे विचारावे. विचारण्यात लाज नाही.
३. उपास करायचा असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे.
४. दुसऱ्याची गोळी घेऊ नये. आपली दुसऱ्याला देऊ नये.
५. नव्या गोळीनंतर चक्कर, गुंगी, सूज आली, तर लगेच कळवावे.
६. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर-पाणी घालू नये. तडक दवाखाना गाठावा.

आता आत्याबाईंच्या उशाशी एक वही असते. तिच्यात तीन रकाने आहेत – सकाळ, दुपार, रात्र. हे तीन शब्द त्या स्वतः वाचतात. गोळी घेतली, की स्वतःच्या हाताने खूण करतात. परवा मला म्हणाल्या, “अरे, हे आधी शिकले असते तर?”

वाचकहो, तुम्ही वाचायला शिकलात. आज घरातल्या म्हाताऱ्या माणसाची पिशवी उघडा.

प्रश्न
१. दोन पट्ट्यांवरची नावे निराळी होती. मग चूक कुठे झाली?
२. सुनेने साखर-पाणी पाजण्याआधी काय पाहिले?
३. गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद का करू नयेत?

करून पाहा
वहीत तीन रकाने आखा. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची औषधे त्यांत लिहा. इंग्रजी नाव वाचता आले नाही, तर औषधाच्या दुकानात विचारून मराठीत लिहून घ्या.