मामाच्या दोन सीड्या

मी कलाशाखेचा विद्यार्थी. संगणकाच्या विषयावर लिहिण्याचा मला काय अधिकार, असा प्रश्न वाचकमित्रांना पडणे साहजिक आहे. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि घरच्यांच्या समजुतीप्रमाणे कॉलेजात जाणाऱ्याला विजेच्या बिलापासून बँकेच्या फॉर्मापर्यंत सर्व काही यावेच लागते. त्याच न्यायाने गेल्या दिवाळीत मामाने दोन सीड्या माझ्यापुढे ठेवल्या. "तुझ्या लॅपटॉपवर चालतात का बघ."

मामा पूर्वी आमच्याकडे राहून भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचे काम करीत असे. तेव्हा हप्त्याने घेतलेला संगणक केव्हाच विकला गेला. खेळांच्या सीड्या तेवढ्या डब्यात राहिल्या. एक राज्ये वसवण्याचा जुना खेळ, विंडोज ९५ च्या काळातला. दुसरा २००३ सालचा, मोटारींच्या शर्यतीचा. मित्र फूटपाथवरची नक्कल घेत असताना मामाने ही दुसरी दुकानातून पुऱ्या किमतीला घेतली होती. पावतीसुद्धा जपलेली.

माझा लॅपटॉप आईच्या भिशीच्या पैशांतून आलेला, जुनाच. त्यात सीडीची खाच नाही. शेजाऱ्यांकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. पहिली सीडी घरघरली आणि गप्प बसली. सीडी पुसताना आपण ताटासारखी गोल पुसतो; ते चूक. मऊ फडक्याने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे. माहिती गोलाकार रेषेत लिहिलेली असते. आडव्या चऱ्याने मधले थोडे थोडे गेले तर ड्राइव्ह ते हिशेबाने भरून काढतो, गोल चरा मात्र सलग मजकूर खातो. आणि आपण जपतो ती चकचकीत बाजू. वास्तविक नाव छापलेली बाजू अधिक नाजूक, कारण सीडीचा परावर्तक थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो.

पुसल्यावर सीडी वाचली गेली, पण खेळ बसेना. 'हा प्रोग्राम या संगणकावर चालणार नाही' अशा अर्थाची इंग्रजी पाटी. इंग्रजी पाटी दिसली की आपलेच काहीतरी चुकले असे मला वाटते. चूक माझी नव्हती. त्या काळच्या पुष्कळ खेळांत खेळ ३२ बिटांचा असला तरी तो बसवून देणारा छोटा प्रोग्राम १६ बिटांचा असे, आणि ६४ बिटांचे विंडोज १६ बिटांचे काहीच चालवत नाही. विंडोज ११ तर ६४ बिटांचेच निघते. जुन्या विंडोजचे सोंग घ्यायला लावणारी सोय आहे, पण ती इथे उपयोगाची नाही. (त्याहून जुन्या, डॉसवरच्या खेळांना डॉसबॉक्स हा फुकट प्रोग्राम चालतो. ते काम सोपे.)

दुसरी सीडी मुकाट्याने बसली. खेळ सुरू करताच मात्र म्हणाली, खरी सीडी घाला. खरी सीडी आतच होती! तीन रात्री मी ती पुसत होतो. वडील म्हणाले, "त्याला दुकानदाराने फसवलं." मलाही तेच वाटले, आणि मी फोनवर मामाला तसे सांगून टाकले. मामा काही बोलला नाही.

कारण नंतर वाचनात आले. नक्कल ओळखण्यासाठी अनेक कंपन्या सेफडिस्क नावाचे कुलूप वापरत. सीडीवरची खूण तपासायला विंडोजमध्ये 'सेकड्रीव्ह' हा ड्रायव्हर असे. तो संगणकाच्या अगदी गाभ्यात वावरणारा. त्यातली फट २००७ मध्ये उघडकीस आली. २०१५ च्या विंडोज १० मध्ये त्याला जागाच दिली नाही, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात विंडोज व्हिस्टा, ७ व ८ मध्येही तो बंद केला गेला. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच. पण साक्षीदारच काढून टाकल्यावर खरी सीडी स्वतःचा खरेपणा सिद्ध कशी करणार? ज्या नकलेतून कुलूपच काढून टाकलेले असते, ती मात्र चालते. पैसे मोजणारा बाहेर, फुकट्या आत! इंटरनेटवर कुलूप तोडणाऱ्या फायली मिळतात. त्यांबरोबर व्हायरस येण्याचा धोका असतो. भिशीच्या लॅपटॉपवर तो प्रयोग मी केला नाही.

स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात एक्सपीचा जुना संगणक आहे. एक्सपीची देखभाल एप्रिल २०१४ मध्ये थांबली, म्हणून मालक त्याला इंटरनेट जोडत नाहीत. रविवारी दुपारी त्यांनी तासभर बसू दिले. दुसऱ्या सीडीवरची मोटार दहा मिनिटांत धावू लागली. पहिली तिथे बसू लागली खरी, पण ६३ टक्क्यांवर अडकली. उलटी करून उजेडात धरली, तर छापील बाजूला नखाएवढा पापुद्रा उडालेला, आणि त्यातून ट्यूबलाइट दिसत होती.

दुकानाबाहेर येऊन मामाला फोन केला. म्हणालो, "मामा, शर्यतीची सीडी खरी आहे. चूक माझी झाली."

"मला माहीत होतं," मामा म्हणाला. "आणि दुसरी?"

"ती गेली."

"बरं. टाकू नकोस मात्र."