फेस आणि स्वच्छता : शाम्पूविषयीचा एक शालेय विज्ञान प्रकल्प

शालेय विज्ञान प्रदर्शनात शाम्पू हा विषय हमखास आढळतो. शिकेकाई, रिठा व आवळा यांचा काढा बाटलीत भरून 'घरगुती शाम्पू' म्हणून मांडलेला असतो. परीक्षक विचारतात, "हा दुकानातल्या शाम्पूपेक्षा चांगला, हे कशावरून?" विद्यार्थी सांगतो, "सर, याला फेस भरपूर येतो." परीक्षक पुढे सरकतात आणि मूल खाली मान घालते. हे दृश्य आम्ही शिक्षकांनी अनेकदा पाहिले आहे. पदार्थ तयार करणे आम्ही शिकवले. तो तपासणे शिकवायचे राहून गेले. ती उणीव आमची आहे. ती भरून काढण्यासाठी हा पाठ.

पूर्वपीठिका

शाम्पू हा शब्द मूळचा आपल्याच देशातला. हिंदीतील 'चांपना' म्हणजे दाबणे, रगडणे. पाटण्यात १७५९ साली जन्मलेल्या दीन मोहम्मद यांनी पुढे इंग्लंडमधील ब्रायटन येथे स्नानगृह चालवले, तेव्हा या शब्दाचा अर्थ वाफेचे स्नान व अंगमर्दन असा होता. केस धुण्याचा अर्थ त्याला नंतर आला.

केसांवरचे तेल नुसत्या पाण्याने निघत नाही. शाम्पूतील अपमार्जकाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे, तर दुसरे तेलाकडे ओढले जाते. असे रेणू तेलाच्या थेंबाभोवती जमतात आणि थेंब पाण्याबरोबर वाहून जातो. रिठा व शिकेकाई यांतील सॅपोनिनही हेच कार्य करते. फेस म्हणजे या रेणूंच्या पातळ पडद्यात कोंडलेली हवा. फेसावरून असे रेणू पाण्यात आहेत एवढे समजते. तेल किती निघाले ते समजत नाही.

प्रयोग पहिला : पाणी आणि फेस

वसतिगृहात राहिलेल्यांना बोअरच्या पाण्याचा अनुभव आहेच. साबण कितीही चोळला तरी फेस येत नाही आणि बादलीला पांढरा साका धरतो. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन हा साका बनतो. अशा पाण्याला दुष्फेन पाणी म्हणतात.

एकसारख्या आठ बाटल्या घ्याव्यात. चार बाटल्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर बोअरचे व चारांत तितकेच पावसाचे पाणी भरावे. साबणाचा कीस, शाम्पू, रिठ्याचे गाळलेले पाणी व शिकेकाईचे गाळलेले पाणी, असा एकेक पदार्थ दोन्ही प्रकारच्या पाण्यात समान मापाने घालावा. प्रत्येक बाटली वीस वेळा हलवून फेसाची उंची एक मिनिटाने व दहा मिनिटांनी पट्टीने मोजावी. तुलना एकाच पदार्थाची, दोन पाण्यांमधील करावी.

प्रयोग दुसरा : हळदीचा कागद

हळदीच्या पाण्यात गाळणकागद बुडवून वाळवावा. त्यावर चारही द्रावणांचा एकेक थेंब टाकावा. आम्लारीधर्मी साबणाने कागद तांबडा होतो. इतर तीन थेंबांखाली काय घडते, ते विद्यार्थ्यांनी स्वतः पाहून नोंदवावे.

प्रयोग तिसरा : तेल खरोखर निघाले का?

हा प्रकल्पाचा गाभा आहे. केशकर्तनालयातून आणलेले केस धुऊन वाळवावेत. त्यांच्या प्रत्येकी १० ग्रॅमच्या पाच जुड्या दोऱ्याने घट्ट बांधाव्यात व प्रत्येकीला २ ग्रॅम खोबरेल तेल चोळावे. चार जुड्या चार द्रावणांत आणि पाचवी नुसत्या पाण्यात, सारखाच वेळ धुवावी. सर्व पाणी सारखेच कोमट असावे, कारण खोबरेल तेल थंडीत गोठते. जुड्या सावलीत पूर्ण वाळवून पुन्हा वजन करावे. वजनातील वाढ म्हणजे उरलेले तेल. पाचवी जुडी नसेल, तर तेल पदार्थाने काढले की पाण्याने, हे सांगता येणार नाही.

प्रत्येक प्रयोग तीनदा करून सरासरी काढावी. द्रावणे डोळ्यांत जाऊ देऊ नयेत. रिठ्याने डोळे फार चुरचुरतात. कोणाच्या डोक्यावर प्रयोग करू नये.

निष्कर्षाविषयी

शेवटी फेसाची उंची व उरलेले तेल यांचा एकत्र तक्ता करावा. सर्वांत जास्त फेसाचा पदार्थच सर्वांत जास्त तेल काढतो का, याचे उत्तर त्या तक्त्यात असेल. ते अपेक्षेविरुद्ध आले तरी आकडे बदलू नयेत. हातखर्चाच्या मोजक्या रुपयांतून जाहिरातीतील फेस पाहून शाम्पूची पुडी घेणारे आपले मूल उद्या खत, औषध आणि आश्वासनही असेच पारखून घेईल, एवढ्यासाठी हा खटाटोप.

माजी विद्यार्थी व पालक यांना एक विनंती. पुढील मेळाव्यास येताना आपल्या गावच्या विहिरीचे किंवा बोअरचे एक लिटर पाणी स्वच्छ बाटलीत आणावे. बाटलीवर गावाचे नाव व तारीख लिहावी. त्या पाण्यातला फेस आमचे विद्यार्थी मोजतील आणि गावागावांचा तक्ता प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावतील. पुढच्या प्रदर्शनात परीक्षकांनी "कशावरून?" असे विचारले, तर मुलांनी त्या तक्त्याकडे बोट दाखवावे, एवढीच आमची इच्छा आहे.