कूस, कागद आणि अंगठा

आजचा धडा जरा नाजूक विषयाचा आहे. ज्या गोष्टी घरात दार लोटून, आवाज खाली आणून बोलतात, त्यांपैकी ही एक. पण एका कागदामुळे ती आमच्या वर्गात आपण होऊन आली. म्हणून आम्ही ती येथे मांडीत आहोत.

आमचा वर्ग रात्री आठ वाजता देवळामागच्या खोलीत भरतो. भांडी घासून, पोरे निजवून बाया येतात. एके रात्री वर्ग सुटल्यावर एक बाई मागे रेंगाळली. पिशवीतून घडी घातलेला कागद काढून म्हणाली, "गुरुजी, एवढं वाचून सांगा. शनवारी अंगठा द्यायचाय."

कागद चार पानी होता आणि इंग्रजीत होता. आमचे इंग्रजी मॅट्रिकपुरते. शब्दकोश घेऊन दोन रात्री बसलो, तेव्हा अर्थ लागला. शहरातल्या एका जोडप्याचे मूल या बाईने नऊ महिने पोटात वाढवायचे, जन्मल्याबरोबर त्यांच्या हवाली करायचे आणि त्याबद्दल पैसे घ्यायचे. मध्यस्थाने तोंडी सांगितलेली रक्कम मोठी होती. कागदावर मात्र ती हप्त्याहप्त्यांनी होती. गर्भ मधेच पडला तर पुढचे हप्ते बंद. आणि बाईच्या जिवाला काही झाले तर काय? त्याबद्दल चार पानांत एक ओळही नव्हती.

बाईच्या डोक्यावर नवऱ्याच्या आजारपणाचे कर्ज होते. पोरे शाळेत जाणारी. तिला कोणी लोभी म्हणू नये.

रिकामा पाळणा

आधी त्या दुसऱ्या बाजूचा विचार करू. एवढे पैसे मोजून मूल मागणारी माणसे कोण? त्यांचे दुःख कसले?

ज्यांना मूल होत नाही त्यांना आपल्याकडे फार बोलतात. बाईला वांझ म्हणतात. ओटी भरायच्या वेळी तिला ओलांडून पुढे जातात. बारशाला बोलावणे येते, पण पाळण्याच्या दोरीला तिने हात लावला की म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहतात. दर महिन्याला ती मनात आशा धरते आणि दर महिन्याला ती आशा मोडते. बाहेर कोणी मेलेले नसते, म्हणून समाचाराला कोणी येत नाही. पण घरात सुतक असते.

दुसऱ्यांना नावे ठेवण्याआधी आमचीच चूक सांगतो. आम्ही मुख्याध्यापक असताना शाळेत एक शिक्षिका होत्या. लग्नाला बरीच वर्षे होऊन त्यांना मूल नव्हते. शाळा सुटल्यावरचे काम निघाले की आम्ही त्यांनाच सांगत असू. एकदा सर्वांसमक्ष म्हणालो, "बाई, तुम्ही थांबा. तुमची घरी कोण वाट पाहतंय?" त्या काही बोलल्या नाहीत. काम पुरे करून गेल्या. पुढच्या वर्षी त्यांनी बदली मागून घेतली. कारण आम्हांला त्या वेळी कळले नाही. आमच्या घरच्या मंडळींनी सांगितले, तेव्हा कळले. मुलांना आयुष्यभर भाषा शिकवली, पण एक वाक्य कसे लागते ते आम्हांला उशिरा समजले.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. नवराबायको वर्षभर नीट एकत्र राहिली, काही अडवणूक केली नाही आणि तरी दिवस राहिले नाहीत, तर त्याला डॉक्टर वंध्यत्व म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली सांगितले की, जगात दर सहा माणसांमागे सुमारे एकाला आयुष्यात केव्हा तरी ही अडचण येते. म्हणजे हा कोणाच्या पापाचा झाडा नव्हे. हा आजार आहे, आणि पुष्कळांना होणारा आहे.

आणि तो बाईचाच असतो असे मुळीच नाही. पुष्कळ वेळा दोष पुरुषात असतो, कधी दोघांतही असतो. पुरुषाचे बीज कमी किंवा दुबळे असू शकते. तंबाखू आणि बिडीने त्याची हानी होते. बाईच्या गर्भनलिका बंद असू शकतात. आपल्या देशात क्षयरोगानेही त्या बंद होतात. म्हणून तपासणी दोघांनी करायची. नवऱ्याने तपासणीला जायचे नाही आणि बायकोला मात्र देवऋषाकडे पाठवायचे, हा न्याय नव्हे.

विज्ञानाने काय केले

25 जुलै 1978 रोजी इंग्लंडात एक मुलगी जन्मली. आईचे बीज आणि बापाचे बीज प्रयोगशाळेत काचेच्या बशीत एकत्र आणले होते, आणि तयार झालेला गर्भ आईच्या पोटात ठेवला होता. लोक त्याला 'टेस्ट ट्यूब बेबी' म्हणू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने तशीच एक मुलगी जन्मली. पण त्यांच्या कामावर विश्वास ठेवला गेला नाही. अपमान सोसवेना, म्हणून 1981 साली त्यांनी जीव दिला. त्यांचे श्रेय त्यांच्या माघारी मान्य झाले. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने असेच बाळ जन्मले.

गर्भ बाहेर तयार करता येतो, म्हटल्यावर पुढची पायरी आली. एखाद्या बाईला गर्भाशयच नसते, किंवा आजाराने ते काढावे लागते. अशा वेळी तो गर्भ दुसऱ्या बाईच्या पोटात ठेवून वाढवता येतो. यालाच सरोगसी म्हणतात. मूल वाढवणाऱ्या बाईच्या बीजाचे नसते. पण रक्त तिचे आटते, कळा ती सोसते.

मग बाजार भरला

आपल्या देशात बरीच वर्षे याला कायदा नव्हता. गुजरातेतले आणंद गाव या कामासाठी जगभर प्रसिद्ध झाले. परदेशातून जोडपी येत. गरीब बाया पैशासाठी गर्भ वाढवीत. पुष्कळ जणींना तेवढे महिने घरापासून दूर, वसतिगृहात राहावे लागे.

2008 साली एका जपानी जोडप्यासाठी तेथे एक मुलगी जन्मली. पण ती जन्मण्यापूर्वीच त्या नवराबायकोचा घटस्फोट झाला होता. बाळ कोणाचे? त्याला कोणत्या देशाचे कागद द्यायचे? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. काही महिन्यांनी जपानहून आलेली आजी तिला घेऊन गेली. ते तान्हे मूल कोणाच्या भांडणात नव्हते, पण घोर त्याच्या वाट्याला आला.

2015 साली परदेशी जोडप्यांना ही वाट बंद झाली. पुढे 2021 साली सरोगसीचा कायदा झाला आणि 25 जानेवारी 2022 पासून तो लागू झाला. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा:

1. पैशासाठी गर्भ वाढवणे बंद. दवाखान्याचा खर्च आणि विमा एवढेच द्यायचे. विमा 36 महिन्यांचा हवा.

2. गर्भ वाढवणारी बाई 25 ते 35 वर्षांची, लग्न झालेली आणि स्वतःचे मूल असलेली हवी. तिने हे आयुष्यात एकदाच करायचे.

3. मूल मागणाऱ्या जोडप्याला सरोगसीची खरी गरज आहे, असा दाखला लागतो. विधवा किंवा घटस्फोटित बाईलाही, वय 35 ते 45 असेल तर, ही वाट मोकळी आहे.

4. धोके काय आहेत ते बाईला सांगायचे, आणि तिला समजणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घ्यायची. गर्भ पोटात ठेवण्यापूर्वी तिला 'नको' म्हणता येते.

5. जन्मलेले मूल त्या जोडप्याचेच. मुलगी झाली, मूल अधू निघाले, तरी टाकता येत नाही.

6. पैशाचा व्यवहार करणाऱ्या दवाखान्याला आणि मध्यस्थाला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता आमच्या बाईचा कागद आठवा. पैशाचा करार, म्हणजे मुळातच बेकायदा. आणि तोही तिला न कळणाऱ्या भाषेत!

दोन्ही बाजू

पण कायदा सांगितला म्हणजे विचार संपला असे नाही. काही शहाणी माणसे म्हणतात, "या कामात डॉक्टर फी घेतो, वकील फी घेतो. जिचे शरीर झिजते, तिनेच तेवढे फुकट करायचे का? पोटासाठी ती उन्हात खडी फोडते, तेव्हा तुम्हांला तिची दया येत नाही." हे बोलणे उडवून लावण्यासारखे नाही.

दुसरी म्हणतात, "पोट ही भाड्याची खोली नव्हे. बाळंतपणात रक्तस्राव होतो, रक्तदाब वाढतो, जीवही जातो. पैशाचे दार उघडले की त्या दारातून नेहमी गरीबच आत ढकलली जाईल. कर्ज तिच्या नवऱ्याचे आणि अंगठा तिचा."

आम्हांला दुसरे म्हणणे अधिक पटते. हो म्हणणाऱ्या बाईला नाही म्हणण्याची सोय असेल, तरच तिच्या हो ला अर्थ आहे. दारात सावकार उभा असताना ती सोय नसते. पण मग पैसे घेऊ नको म्हणणाऱ्यांनी तिच्या कर्जाचाही विचार केला पाहिजे. नाही तर आपला उपदेश स्वस्तातला ठरतो.

वर्गात काय झाले

बाईला विचारून, तिचे नाव न घेता, आम्ही ही हकीकत वर्गात सांगितली. मध्यस्थाला सगळ्यांनी शिव्या दिल्या. मग त्या शहरातल्या जोडप्यालाही देऊ लागल्या. तेव्हा भिंतीशी बसणारी एक बाई बोलली. लग्नाला अकरा वर्षे झालेली, मूल नसलेली. वर्गात ती कधी तोंड उघडीत नसे.

ती म्हणाली, "त्यांना वाईट म्हनू नका. माझ्यापाशी पैसं असतं, तर मीबी असा कागद धाडला असता. त्या बाईच्या पोरांचा इचार माझ्या मनात आला नसता. माझ्या मनात एकच गोष्ट असते."

खोलीत कोणी बोलेना. मग कागदवाली बाई आपण होऊन म्हणाली, "तो कागद माझा हाय." आणि उठून तिच्याजवळ जाऊन बसली.

शनिवारी तिने अंगठा दिला नाही. बचत गटातून थोडे कर्ज मिळाले, सगळ्यात जाचक देणे तेवढे फिटले. बाकीचे अजून आहे. धडा गोड व्हावा म्हणून आम्ही खोटे लिहिणार नाही. भिंतीशी बसणारी बाई मात्र नवऱ्याला घेऊन तपासणीसाठी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन आली. अकरा वर्षांत नवऱ्याची तपासणी पहिल्यानेच झाली. दत्तक घ्यावे असे तिला कधी वाटले, तर ते सरकारी नोंदणी करूनच घ्यावे. कायद्याची रीत सोडून परस्पर कोणाकडून मूल घेणे हा गुन्हा ठरू शकतो, हेही आम्ही सांगितले. पण "घे की दत्तक" असे सहज म्हणून टाकले नाही. ते ज्याचे त्याने, दुःख ओसरल्यावर ठरवायचे असते.

कागदवाली बाई आता सही करते. अक्षर वाकडे आहे. पण सहीच्या आधी ती विचारते, "यात काय लिहिलंय?" आम्हांला तेवढे पुरे आहे.

शब्दांचे अर्थ

वंध्यत्व – मूल न होण्याचा आजार.
मध्यस्थ – दोघांमधला व्यवहार जुळवणारा, दलाल.
संमती – समजून दिलेला होकार.

विचार करा आणि सांगा

1. मूल न होण्यात दोष बाईचाच असतो का? तपासणी कोणी करावी?
2. बाईची संमती कोणत्या भाषेत घ्यावी असे कायदा म्हणतो? का?
3. 'पोट ही भाड्याची खोली नव्हे' हे तुम्हांला पटते का? दुसरी बाजूही सांगा.
4. तुमच्या गावात मूल नसलेल्या बाईला ओटीच्या वेळी ओलांडतात का? पुढच्या वेळी तुम्ही काय कराल?
5. तुम्ही आजवर न वाचता कोणकोणत्या कागदांवर अंगठा दिला? आठवून लिहा.