कॅमेरा खिशातला की खांद्यावरचा?

प्रश्न : शाळेतून निवृत्त होऊन मला काही महिने झाले. इतकी वर्षं मोबाइलवर फोटो काढले, आता मनासारखा एक कॅमेरा घ्यायचा आहे. सकाळी अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाते, फुलांच्या हंगामात कास पठारावर दोन-चार फेऱ्या होतात, वर्षाकाठी एखादा गडही होतो. नातीच्या शाळेचं गॅदरिंग असतंच. भिगवणचे रोहित पक्षी एकदा तरी नीट टिपायचे आहेत. मोबाइलची अडचण अशी, की उन्हात पडद्यावर काही दिसत नाही आणि दर वेळी चष्मा शोधावा लागतो. भाचा म्हणतो, ‘मावशी, घ्यायचाच तर मिररलेस घे, कॉम्पॅक्टचे दिवस गेले.’ घरच्यांचं म्हणणं, ‘जड वस्तू आणशील आणि कपाटात ठेवशील.’ मला दोघांचंही पटतं. मी काय घ्यावं? आणि मोठा कॅमेरा म्हणजे फोटो चांगला, हे खरं आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटला की पहिल्याची वाट मोकळी होते. फोटोचा दर्जा दोन गोष्टी मिळून ठरवतात : सेन्सरचा आकार आणि त्याच्यापुढची लेन्स. दुकानात आपण बॉडी हातात घेऊन न्याहाळतो, बॉडीची किंमत विचारतो आणि लेन्स मात्र खोक्यात येईल ती घेतो. बहुतेकांचे पैसे इथेच चुकीच्या जागी जातात. तेव्हा माझा सल्ला असा, की आधी लेन्स ठरवा. कॅमेरा कोणता, हे मग जवळजवळ ठरलेलंच असतं.

आकार डोळ्यांपुढे यावेत म्हणून थोडे आकडे देतो. साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर जेमतेम ६ × ४.५ मिलिमीटरचा असतो. चांगल्या खिशातल्या कॅमेऱ्यांत तो १३.२ × ८.८ मिलिमीटरचा असतो. कॅननच्या छोट्या मिररलेसमध्ये २२.३ × १४.९ (यालाच एपीएस-सी म्हणतात) आणि फुल फ्रेम कॅमेऱ्यात ३६ × २४. क्षेत्रफळ काढलं तर साधारण २८, ११६, ३३२ आणि ८६४ चौरस मिलिमीटर भरतं. सेन्सर मोठा असला की तो एकूण उजेड जास्त गोळा करतो, म्हणून अंधारात त्याचा फोटो कमी दाणेदार येतो.

आज ज्याला आपण मोठा म्हणतो तो ३६ × २४ चा चौकोन एके काळी फार लहान समजला जात होता. जर्मनीत वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचे तंत्रज्ञ होते. त्यांना दम्याचा त्रास होता. काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा घेऊन चढ चढणं त्यांना झेपत नव्हतं. म्हणून सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी धावेल असा छोटा कॅमेरा त्यांनी घडवला. १९२५ साली लायपझिगच्या व्यापारमेळ्यात तो ‘लायका’ या नावाने लोकांसमोर आला. हलका कॅमेरा हवासा वाटणं म्हणजे हौशी माणसाचा आळस नव्हे. छायाचित्रणाच्या इतिहासातलं एक मोठं वळण नेमकं त्या गरजेतून आलं आहे.

आता मिररलेसकडे येऊ. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये एक आरसा असायचा, कारण व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र तोच पोचवायचा. त्याच्या हालचालीला जागा लागायची. निकॉनच्या जुन्या माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर होतं. आरसा काढून टाकल्यावर नव्या झेड माउंटमध्ये ते १६ मिलिमीटरवर आलं. २००८ साली पॅनासॉनिकच्या जी१ पासून हा प्रकार रूढ झाला आणि कॅमेऱ्याच्या बॉडी सडपातळ झाल्या. लेन्सचं मात्र तसं झालं नाही. मोठ्या सेन्सरला भरपूर उजेड पोचवायचा तर काच मोठी लागतेच. म्हणूनच बॉडी पावशेर-अर्ध्या किलोची आणि पुढची लेन्स तिच्याहून जड, असं चित्र दिसतं.

लेन्स का महत्त्वाची, हे गॅदरिंगच्या उदाहरणावरून पाहा. सभागृहातले दिवे मंद आहेत, नात नाचते आहे, तुम्ही चौथ्या रांगेत बसला आहात. एकाच कंपनीचे दोन कॅमेरे घेऊ. कॅननचा जी७ एक्स मार्क ३ हा कॉम्पॅक्ट, वजन ३०४ ग्रॅम. दुसरा ईओएस आर५० हा मिररलेस, बॉडी ३७५ ग्रॅम, सोबत खोक्यात येणारी १८-४५ झूम लेन्स. दोन्हींवर झूम सारखाच करा, म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबात ७२ मिलिमीटर. तिथे कॉम्पॅक्टचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, एफ/२.८ इतकं उघडतं, तर मिररलेसची लेन्स एफ/६.३ वर अडते (आकडा लहान तितकं भोक मोठं). ॲपर्चरमधल्या या फरकामुळे कॉम्पॅक्टच्या सेन्सरवर दर चौरस मिलिमीटरला पाचपट उजेड पडतो. मिररलेसचा सेन्सर जवळजवळ तिप्पट मोठा आहे, तरी हिशेब पुरा होत नाही. एकूण उजेड कॉम्पॅक्टलाच पावणेदोनपट मिळतो. म्हणजे मोठा कॅमेरा घेऊनही नातीचा फोटो खिशातल्या कॅमेऱ्यापेक्षा उजवा येणार नाही.

आता त्याच आर५० वरची लेन्स काढून १६० ग्रॅमची ५० मिलिमीटर एफ/१.८ लावा. ही झूम होत नाही, पण कॉम्पॅक्टच्या जवळपास सातपट उजेड आत घेते. शटर १/२५० ला ठेवून फिरणारा हात, उडालेला पदर सगळं लख्ख थांबतं, मागचा पडदा मऊ होतो. बॉडी तीच आणि सेन्सरही तोच असताना एक लेन्स बदलली आणि निकाल उलटला. तुमचा भाचा मिररलेसची शिफारस करतो तेव्हा त्याच्या मनात हीच ताकद असणार. ती दुसऱ्या लेन्सबरोबर येते, एवढी त्याला आठवण करून द्या.

‘कॉम्पॅक्टचे दिवस गेले’ हे त्याचं वाक्य मात्र अर्धंच खरं आहे. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०१० साली सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते, त्यातले बहुतेक कॉम्पॅक्ट. २०२३ साली सगळे मिळून ८० लाखसुद्धा नव्हते. मोबाइलने जे संपवले ते छोट्या सेन्सरचे स्वस्त कॉम्पॅक्ट. तसा कॅमेरा आज कुणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नका, तुमच्या मोबाइलहून वेगळं तो फारसं काही देणार नाही. मोठ्या सेन्सरचे कॉम्पॅक्ट टिकून आहेत आणि त्यांची मागणी वाढली आहे. रिको जीआर ३ हे त्याचं टोकाचं उदाहरण : वजन २५७ ग्रॅम आणि आत मिररलेसच्या तोडीचा एपीएस-सी सेन्सर. अट एकच, त्याला झूम नाही. तुमच्याच जिल्ह्यात तरडगावजवळ चांदोबाचा लिंब इथे माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं, तिथल्या गर्दीत असा कॅमेरा शोभतो. त्यात फोकसचं अंतर आधीच ठरवून ठेवता येतं. एफ/५.६ वर अडीच मीटर ठेवलं, की साधारण दीड मीटरपासून दहा मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. मग कॅमेऱ्याने फोकस शोधण्याची वाट पाहायची नाही, घोडा समोर आला की बटण दाबायचं.

कासवर छोटा सेन्सर हा उलट गुण ठरतो. सीतेची आसवं, गेंद ही नखाएवढी फुलं जमिनीलगत असतात. जवळून फोटो काढताना मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात पाकळीची एक कड स्पष्ट येते आणि बाकीचं फूल धूसर होतं. छोट्या सेन्सरमध्ये चौकट तीच ठेवली तर फुलाची जास्त खोली फोकसमध्ये राहते. जी७ एक्स ३ रुंद टोकाला ५ सेंटिमीटरवरून फोकस करतो. ऑलिंपसच्या परंपरेतला ओएम सिस्टिमचा टीजी-७ तर १ सेंटिमीटरपर्यंत जातो आणि १५ मीटर खोल पाण्यातही चालतो, त्यामुळे कासच्या भुरभुर पावसात त्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी लागत नाही. एक कळकळीची विनंती, जी कुठल्याही कॅमेऱ्याला लागू आहे : फुलाच्या जवळ जाण्यासाठी पायवाट सोडू नका. कातळावरच्या बोटभर मातीत ही झाडं तगून असतात आणि एका पावलाखाली किती चिरडली जातात ते वरून दिसतही नाही. वाटेच्या कडेला बसूनच काढा, तिथेही पुष्कळ असतं.

भिगवणला मात्र कॉम्पॅक्टचा पाड लागत नाही. उजनीच्या पाण्यात नाव कितीही पुढे गेली तरी रोहित पक्ष्यांपासून अंतर राखावं लागतं, आणि ते राखायलाच हवं. तिथे किमान ४०० मिलिमीटरची लेन्स लागते. आर५० वर १००-४०० ही ६३५ ग्रॅमची लेन्स लावली तर एपीएस-सी सेन्सरमुळे पल्ला ६४० मिलिमीटरसारखा होतो, आणि उडत्या पक्ष्याचा डोळा ओळखून फोकस धरून ठेवणारी यंत्रणाही बॉडीत असते. पण सगळं मिळून वजन किलोभर झालं. अजिंक्यताऱ्याच्या चढावर ते रोज कोण नेणार? घरच्यांची कपाटाची भीती इथे रास्त आहे.

उरला चष्मा. तुमच्या पत्रातला हा सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे. डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर असला की उन्हाची आणि चाळिशीची अशा दोन्ही अडचणी मिटतात. त्याच्या बाजूला एक छोटी चकती किंवा खटका असतो. तो फिरवून आपल्या नंबराला जुळवला की चष्म्याविना आतलं चित्र आणि आकडे दिसतात. वर वाखाणलेल्या जी७ एक्स ३ ला व्ह्यूफाइंडरच नाही. सोनीच्या आरएक्स१०० मार्क ७ मध्ये तो वर उघडतो, वजन ३०२ ग्रॅम, झूम २४ पासून २०० मिलिमीटरपर्यंत. त्याबदल्यात त्याचं ॲपर्चर लांबच्या टोकाला एफ/४.५ पर्यंत मिटतं, म्हणजे गॅदरिंगला पुढच्या रांगेत जागा धरावी लागेल. उजळ लेन्स, लांब झूम आणि व्ह्यूफाइंडर हे तिन्ही एका खिशात मिळत नाहीत, त्यातलं काय सोडायचं ते आपणच ठरवायचं असतं.

तुमची यादी पाहता माझं मत स्पष्ट आहे : व्ह्यूफाइंडर असलेला, १३.२ × ८.८ मिलिमीटर सेन्सरचा कॉम्पॅक्ट घ्या. रोजचा चढ, कास आणि गड हे तुमचं खरं छायाचित्रण आहे, आणि तिथे एक हात दगडाला धरायला मोकळा लागतो. भिगवणसाठी पुण्यात कॅमेरा आणि लांब लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. ओळखपत्र आणि अनामत द्यावी लागते. वर्षातून एकदा लागणाऱ्या काचेत मोठी रक्कम अडकवण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

खात्री करायची असेल तर खरेदी महिनाभर लांबवा. फोटो मोबाइलवरच काढा, आणि जो मनासारखा आला नाही त्याचं कारण वहीत लिहा : लांब होतं, अंधार होता, दिसलंच नाही, पाऊस होता, पिशवीतून काढेपर्यंत क्षण गेला. ‘लांब’ आणि ‘अंधार’ हीच दोन कारणं पुन्हा पुन्हा आली, तर माझा सल्ला बाजूला ठेवा आणि मिररलेस घ्या. त्या वेळी बॉडी मागच्या पिढीची घेतली तरी चालेल, वाचलेले पैसे लेन्सवर घाला. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स त्याच माउंटच्या पुढच्या बॉडीवरही चालते.

काहीही घेतलंत तरी दोन गोष्टी पाळा. बिल पक्कं घ्या आणि वॉरंटी भारतातली आहे याची खात्री करा. बाहेरून परस्पर आणलेला कॅमेरा थोडा स्वस्त पडतो, पण दुरुस्तीच्या वेळी इथलं सेवाकेंद्र हात वर करू शकतं. दुसरं म्हणजे पावसाळ्यातली बुरशी. चामड्याच्या बंद पिशवीत महिनोन्महिने पडून राहिलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात आणि ते सहज निघत नाहीत. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कॅमेरा ठेवा, पुड्या ओलावल्या की बदला. आठवड्यातून एकदा तरी तो बाहेर काढून वापरा. वापरातल्या कॅमेऱ्याला बुरशी सहसा धरत नाही, आणि रोज सोबत नेता येईल इतका हलका कॅमेरा निवडण्याचं हेही एक ठोस कारण आहे.