हरणाचे वय

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात, रॉकी पर्वताच्या उतारांवर आणि भोवतालच्या कोरड्या माळांवर ‘म्यूल डिअर’ नावाचे हरिण आढळते. म्यूल म्हणजे खेचर. खेचरासारख्या लांब कानांवरून या हरणास हे नाव पडले. तेथे शरद ऋतूत सरकारी परवाना घेऊन त्याची शिकार करता येते. शिकाऱ्यास काही क्षणांतच ठरवावे लागते, की समोरचा नर पुरता वाढलेला आहे की अजून कोवळा आहे. सुटलेली गोळी परत येत नाही. आणि दरवर्षी कोवळे नरच मारले जाऊ लागले, तर कळपात प्रौढ नर औषधालाही उरत नाहीत.

नवख्याची दृष्टी प्रथम शिंगांकडे जाते. जितके फाटे तितकी वर्षे, अशी समजूत पुष्कळांची असते. ती चुकीची आहे. ही शिंगे गाई-म्हशींच्या शिंगांप्रमाणे जन्मभर टिकणारी नव्हेत. हिवाळ्यात ती गळून पडतात आणि पुढे मखमलीसारख्या त्वचेखाली पुन्हा नवी वाढतात. ती किती वाढावीत, हे वयाप्रमाणेच त्या वर्षीच्या चाऱ्यावर आणि वंशावरही अवलंबून असते. चांगला चारा मिळालेल्या अडीच वर्षांच्या नराच्या प्रत्येक शिंगास चार टोके असू शकतात. उलट अवर्षणाच्या साली किंवा उतारवयात मोठ्या नराची शिंगेही खुजी येतात. त्यांचे पूर्ण वैभव साधारणतः ५ ते ७ वर्षांच्या वयात दिसते. भारतातील सांबराचे व चितळाचे पाहावे, तर त्यांच्या प्रत्येक शिंगास बहुधा तीनच टोके असतात. मग नर पाच वर्षांचा असो की दहा.

म्हणून जाणकार आधी अंग पाहतो, शिंगे मागाहून. दीड वर्षाच्या नराचे पाय अंगाच्या मानाने लांब, मान सडपातळ आणि पोट वर ओढलेले असते. शिंगे नसती तर तो मादीच वाटावा. तीन-चार वर्षांत छाती भरते, पण पाठीची व पोटाची रेषा सरळच राहते. पाच वर्षांपुढचा नर मात्र निराळा ओळखू येतो. छाती भारी होऊन खाली उतरल्यामुळे पाय आखूड भासतात, पोट किंचित लोंबते, पाठीला बाक येतो, तोंड रुंद व बोथट दिसते. उघड्यावर तो सहसा आधी येत नाही. तरुण नर पुढे गेले तरी झुडपांच्या कडेला उभा राहतो.

ही लक्षणेही फसवतात. नोव्हेंबरात, माजाच्या दिवसांत, तरुण नराचीही मान फुगते. थंडीत केस दाट झाले की अंग आहे त्याहून भरदार दिसते. माज ओसरल्यावर तर प्रौढ नर इतका रोडावतो, की तो कोवळ्या नरासारखा सडपातळ दिसावा. यासाठी हरिण आडवे उभे असताना, आणि शक्यतो दुसऱ्या हरणांच्या शेजारी, न्याहाळावे. एकट्या हरणाविषयी मत देणे धाडसाचेच.

नेमके वय सांगतात ते दात. पुढच्या दाताच्या मुळाभोवती दरवर्षी एक थर साचतो. दाताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, म्हणजे झाडाच्या खोडातील वर्तुळांप्रमाणे ते थर मोजता येतात. परंतु त्यासाठी हरणाचा दात काढावा लागतो. माळावर चरणाऱ्या हरणाविषयी कोवळे, तरुण की प्रौढ, एवढेच सांगता येते.