टच पॅनेलचा पृष्ठभाग कसा निवडावा?



शाळेच्या सभागृहातील दिवे व पंखे यांसाठी टच पॅनेल बसवण्याचा विचार चालू आहे. दुकानात नमुने पाहिले तर सगळेच चकचकीत आणि सगळेच देखणे. मग निवड कशी करायची? आमचा आधीचा अनुभव काही चांगला नाही. संगणक कक्षात काळ्या अ‍ॅक्रिलिकचे एक पॅनेल लावले होते. ते रोज स्पिरिटने पुसले जाई. काही महिन्यांतच कडांना आणि स्क्रूजवळ केसासारख्या बारीक भेगा पडल्या. यात पुसणाऱ्याची चूक नव्हती. चूक निवडणाऱ्यांची, म्हणजे आमचीच होती. पालकांच्या कष्टाचा पैसा पुन्हा असा वाया जाऊ नये, म्हणून विज्ञान विभागातर्फे हा पाठ.

स्पर्श कळतो कसा?

टच पॅनेलमध्ये बटण दाबले जात नाही. पृष्ठभागाच्या मागे विद्युतवाहक पट्ट्या असतात. आपले शरीर विद्युतवाहक असल्यामुळे बोट जवळ आले की त्या पट्टीची विद्युत धारिता किंचित बदलते आणि आतील सर्किट तो बदल ओळखते. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९७६ साली सुरू झालेल्या मोठ्या कणत्वरकाच्या नियंत्रण कक्षात असेच स्पर्श-पडदे बसवले होते. कारण तेथे साधी बटणे लावायची तर ती हजारोंनी लागली असती.

यातून पहिला नियम मिळतो. बोट आणि पट्टी यांच्यामध्ये धातूचा पत्रा चालणार नाही, कारण तो विद्युत क्षेत्र अडवतो. दुसरा नियम जाडीचा. थर जितका जाड, तितका बदल क्षीण. मात्र पदार्थही महत्त्वाचा आहे. सापेक्ष विद्युत पारगम्यता हवेची १, अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटची सुमारे ३, तर काचेची सुमारे ७ असते. म्हणून काच थोडी जाड असली तरी चालते. पण काच आणि पट्टी यांच्यामध्ये हवेची फट राहिली की पॅनेल हट्टी होते, एका स्पर्शाला दाद देत नाही.

कठीण म्हणजे चिवट नव्हे

सुरतेत हे समजावून सांगणे सोपे आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी कोणी ना कोणी हिऱ्याच्या घंटीवर बसलेले आहे. त्यांना विचारा. हिरा घासायला हिऱ्याचीच पूड लागते, इतका तो कठीण. पण त्याच हिऱ्यावर चुकीच्या दिशेने आघात झाला तर तो फुटतो. ओरखडा न पडणे हा कठीणपणा. आघात सोसणे हा चिवटपणा. हे दोन गुण वेगळे आहेत.

फ्रेडरिक मोहस् यांनी १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी श्रेणी मांडली. तिच्यात हिरा १० वर आणि क्वार्ट्झ ७ वर आहे. साधी काच सुमारे साडेपाच, तर आपले नख सुमारे अडीच. धुळीत वाळूचे म्हणजे क्वार्ट्झचे कण असतातच. कोरड्या फडक्याने पॅनेल घासले तर तेच कण काचेवरही ओरखडे काढतात. मग प्लॅस्टिकची काय कथा!

चार पर्याय

अ‍ॅक्रिलिक : स्वस्त, चमकदार, कापायला सोपे. परंतु आघाताने तडकते आणि ताण असलेल्या जागी स्पिरिट लागले की भेगा पडतात.

पॉलिकार्बोनेट : अत्यंत चिवट, सहसा फुटत नाही. परंतु त्यावर ओरखडे लवकर पडतात. घ्यायचेच तर कठीण लेप दिलेले घ्यावे. अमोनियायुक्त क्लीनर त्याला चालत नाही.

पॉलिएस्टर फिल्म : ही पातळ आणि लवचिक असते. खाली दाबाची बटणे असतील तेथे ही उत्तम, कारण वारंवार वाकूनही ती लवकर फाटत नाही. एम्ब्रॉयडरी मशीनवर काम करणाऱ्या पालकांना बोटांना लागलेले तेल आणि कात्रीच्या टोकाने बटण दाबण्याची सवय ठाऊक असेल. अशा ठिकाणी अक्षरे फिल्मच्या मागच्या बाजूने छापलेली असावीत, म्हणजे ती बोटांनी झिजत नाहीत.

टफन काच : वितळलेल्या कथिलावर काच पसरून सपाट करण्याची फ्लोट पद्धत इंग्लंडमधील पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली. आपल्याजवळ अंकलेश्वर परिसरातही अशी काच बनते. ती ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केली की बाहेरचा थर दाबाखाली राहतो आणि काच बरीच मजबूत होते. फुटलीच तर तिचे धारदार सुरे न होता बोथट दाणे होतात. मुलांच्या शाळेत हा गुण फार मोलाचा. मात्र टफन केल्यावर ती कापता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही. म्हणून माप आधीच चोख हवे.

देखणे कशाला म्हणावे?

दुकानात चकचकीत काळे पॅनेल छान दिसते. शाळेत पहिल्याच दिवशी त्यावर शंभर बोटांचे ठसे उमटतात. मंद, मॅट पृष्ठभागावर ते कमी दिसतात आणि ट्यूबलाइटची तिरीपही डोळ्यांत येत नाही. अक्षरे मोठी व ठळक असावीत, मराठी आणि गुजराती दोन्हींत असावीत. ज्यांना नीट दिसत नाही त्यांना गुळगुळीत काचेवर काहीच हाताला लागत नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक जागेशी उंच ठिपका हवा. वर्षभर वापरल्यावरही ज्याच्याकडे पाहावेसे वाटते, तेच खरे देखणे.

आमची शिफारस

सभागृहासाठी मागून छापलेली, कडा घासलेली मॅट टफन काच घ्यावी. ती महाग पडेल, पण वारंवार बदलावी लागणार नाही. पाण्याच्या टाकीजवळ आणि प्रयोगशाळेच्या मोरीपाशी मात्र टच पॅनेल लावूच नये. पाण्याचा थेंबही धारिता बदलतो आणि पॅनेल फसते. जिथे हात ओले, तिथे फिल्मखालचे साधे बटणच बरे. पुसताना वीज बंद करावी, मऊ फडके ओले करून घट्ट पिळावे, पॅनेलवर थेट फवारा मारू नये.

करून पाहा

१. घरच्या मोबाइलच्या पडद्यावर प्लॅस्टिकच्या फाइलचे पान ठेवून स्पर्श करा. एकेक पान वाढवत जा. कितव्या पानाला स्पर्श कळेनासा होतो? वहीत नोंदवा.
२. प्लॅस्टिकच्या दोन पानांमध्ये मुद्दाम फट ठेवून पाहा. काय फरक पडला? का?
३. घरातील व आईबाबांच्या कामाच्या ठिकाणच्या पॅनेलची पाहणी करा. कोणते अक्षर आधी पुसले गेले? ते कोणाच्या हाताने, आणि त्या हाताला काय लागलेले असते?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे वर्गशिक्षकांकडे अवश्य द्या. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत दुकानदाराच्या माहितीपत्रकाबरोबर आम्ही तीही मांडणार आहोत.